अंड्याची टरफलं: कचऱ्यातून धंदा करण्याआधी घरात करून बघायच्या गोष्टी



"सर, कमी भांडवलात काय सुरू करू?" हा प्रश्न मला जवळजवळ रोज येतो. त्यातले बरेच जण स्वतःच उत्तरही घेऊन येतात: अंड्याच्या टरफलांची पावडर. कच्चा माल फुकट, घरात मिक्सर आहे, बागकामाची आवड वाढते आहे, मग अडचण कुठे?

अडचण आहे, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. माझ्या दुकानात कुंड्या, माती, बियाणं असं सामान असतं. काही वर्षांपूर्वी मीही टरफलांच्या भुकटीची पाकिटं करून काउंटरवर ठेवली होती. एक नेहमीचे काका आले. त्यांच्या अनंताची पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "काका, कॅल्शियम कमी आहे. दर आठवड्याला मूठभर घाला." दोन महिन्यांनी ते परत आले, तेव्हा झाड आणखी पिवळं झालेलं होतं. काका रागावले नाहीत, पण त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडून काही घेतलंही नाही.

चूक माझी होती. अनंताला किंचित आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते. काका बोअरचं जड पाणी घालत होते, त्यात चुना आधीच भरपूर. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. त्यावर मी आणखी चुना घालायला लावला. चाळीस रुपयांचं पाकीट विकलं आणि एक जुनं गिऱ्हाईक जवळजवळ घालवलं.

म्हणून आजच्या धड्याचं सूत्र एकच: टरफल फुकट मिळतं, पण त्याबद्दलचं चुकीचं वाक्य महाग पडतं. आधी घरात वापरा, ते काय करतं आणि काय करत नाही हे डोळ्यांनी बघा. मग विकायचं की नाही ते ठरवा.

१. टरफलात असतं काय?

एका मध्यम अंड्याचं टरफल साधारण ५ ते ६ ग्रॅम भरतं. त्यातला सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू किंवा चुनखडी ज्याची असते तोच पदार्थ. म्हणजे एका टरफलात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम. बाकी थोडं मॅग्नेशियम, थोडं फॉस्फरस आणि आतला पातळ पापुद्रा, जो प्रथिनांचा असतो.

आता काय नाही ते बघा. नत्र आणि पालाश जवळजवळ नाहीच. म्हणजे हे शेणखताच्या किंवा गांडूळखताच्या जागी चालणार नाही. जेवणात मीठ लागतं म्हणून कोणी नुसतं मीठ खात नाही, तसंच हे.

आता घरी एक प्रयोग करा. दोन ग्लास घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात पांढरं व्हिनेगर. दोन्हीत टरफलाचा एकेक तुकडा टाका. व्हिनेगरमध्ये लगेच बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड. एक-दोन दिवसांत कडक भाग विरघळून फक्त पापुद्रा उरेल. पाण्यातला तुकडा मात्र जसाच्या तसा.

या प्रयोगात अख्खा धडा आहे. टरफल आंबटपणात विरघळतं, साध्या पाण्यात नाही म्हणण्याइतकंच. म्हणून टरफलं रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी झाडाला घालण्यात फार अर्थ नाही. आणि आम्लधर्मी मातीत टरफल कामाला येतं, चुनखडीच्या मातीत ते नुसतं पडून राहतं.

२. तुमच्या मातीला ते हवं आहे का?

कोकणातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते. तिथे टरफलाची बारीक भुकटी उपयोगी. कोकोपीट जास्त असलेल्या कुंड्यांतही कॅल्शियम कमी असतं, तिथेही उपयोगी. पण पठारावरची काळी माती बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी असते, खणलं की चुन्याचे पांढरे खडे सापडतात. तिथे टरफल घालणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं.

ओळखायचं कसं? कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. माती फसफसली, तर तिच्यात चुना भरपूर आहे. टरफल नको. फसफसली नाही, तर थोडं घालून बघायला हरकत नाही. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण गिऱ्हाइकाला चुकीचं सांगण्यापासून एवढी चाचणी नक्की वाचवते. मी त्या दिवशी काकांना घरची माती आणायला सांगितली असती, तर हा लेख वेगळा झाला असता.

३. साफ करायची आणि दळायची पद्धत

इथे आळस नको. ऑम्लेट-भुर्जीची टरफलं कच्ची असतात. त्यांना पांढरा बलक चिकटलेला असतो आणि साल्मोनेलासारखे जंतूही असू शकतात.

- टरफलं त्याच दिवशी धुवा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली की वास सुटतो आणि मुंग्या लागतात.
- जुन्या पातेल्यात पाणी उकळून त्यात १० मिनिटं उकळा. उकडलेल्या अंड्यांची टरफलं आधीच उकळलेली असतात, ती नुसती धुतली तरी चालतं.
- कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. बोटाने दाबल्यावर कट्कन मोडली पाहिजेत.
- मिक्सरचं जुनं भांडं वापरा, कारण पाती बोथट होतात आणि भांड्यावर ओरखडे येतात. अर्ध्यापेक्षा कमी भरा, थांबत थांबत फिरवा.
- झाकण लगेच उघडू नका. धूळ खाली बसू द्या, नाकाला रुमाल बांधा.
- चहाच्या गाळणीतून चाळा. वर राहिलेलं पुन्हा दळा.

बारीक का दळायचं? तुकडा जितका मोठा, तितका तो मातीत मिसळायला वेळ लागतो. हाताने चुरडलेली टरफलं वर्षभरानंतरही कुंडीत तशीच दिसतात. मैद्यासारखी भुकटी लवकर कामाला लागते.

धुतलेलं पाणी गाळून टाका. टरफलांचे कण बेसिनच्या पाइपमध्ये तेलकट गाळासोबत बसतात आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. फुकटच्या कच्च्या मालाचा तो पहिला खर्च ठरतो!

४. घरात आणि बागेत खरंच उपयोगी पडणाऱ्या पाच गोष्टी

*पहिली: कंपोस्ट आणि गांडूळखत.* सगळ्यात सोपा आणि सगळ्यात खात्रीचा उपयोग. ओल्या कचऱ्याच्या डब्यात चुरडलेली टरफलं टाका. कचरा कुजताना आंबटपणा वाढतो, तो आटोक्यात राहतो. गांडुळांना अन्न दळायला पोटात बारीक कण लागतात, तेही मिळतात.

*दुसरी: टोमॅटो, मिरची, वांगी.* १० ते १२ इंचांच्या कुंडीत रोप लावतानाच एक-दोन चहाचे चमचे भुकटी मातीत मिसळा. वर पसरून उपयोग नाही. पुन्हा घालायची तर तीन-चार महिन्यांनी. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम न पोचल्याने, हे खरं. पण बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतंच, आपलं पाणी देणं अनियमित असतं. चार दिवस कोरडं, पाचव्या दिवशी बादलीभर. आधी पाण्याची वेळ सांभाळा, टरफल त्यानंतर.

*तिसरी: रोपांसाठी छोटी वाटी.* अंडं वरच्या टोकाला फोडून रिकामं करा, उकळून घ्या, खाली सुईने भोक पाडा, ओलं कोकोपीट भरा. मेथी, मोहरी, टोमॅटो, झेंडू काहीही पेरा. उभं ठेवायला अंड्यांचा कागदी ट्रे आहेच. रोप मोठं झालं की टरफल हाताने दाबून तडकवा आणि तसंच कुंडीत लावा. न तडकवता लावलं तर मुळं आत अडकतात.

*चौथी: करपलेली भांडी.* जाडसर चुरा आणि भांड्यांचा साबण घेऊन करपलेला लोखंडी तवा किंवा जुनी कढई घासा. नॉन-स्टिक, काच आणि चकचकीत स्टीलवर चुकूनही नको, ओरखडे पडतात.

*पाचवी: घरच्या कोंबड्या.* अंडी देणाऱ्या कोंबडीला कॅल्शियम भरपूर लागतं. उकळून, वाळवून, बारीक चुरा करून वेगळ्या भांड्यात ठेवा, तिला हवं तेवढं ती खाते. टरफल ओळखू येईल असं अर्धं-मुर्धं टाकू नका, नाहीतर स्वतःचीच अंडी फोडायची सवय लागू शकते.

५. या गोष्टींच्या भरवशावर विकू नका

"टरफल टांगलं की पाल येत नाही." अनेक घरांत टांगलेलं असतं आणि शेजारीच पाल असते. "चुरा पसरला की गोगलगायी येत नाहीत." गोगलगाय चिकट स्राव सोडत चालते, चुऱ्यावरूनही आरामात जाते. "सगळ्या झाडांना चालतं." अनंताची गोष्ट वर सांगितलीच. आणि अर्धी टरफलं शोभेसाठी कुंडीत उताणी ठेवू नका, पावसाचं पाणी साचतं.

ही वाक्यं पाकिटावर छापली की चार पाकिटं जास्त खपतील. पण जो माणूस ते वाचून घेईल, तो महिनाभरात तुमच्याकडेच येणार आहे. त्याला काय उत्तर द्याल, ते आज ठरवा.

६. आता धंद्याचा हिशोब

वही-पेन घ्या. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावातले आकडे घालून पुन्हा मांडा.

समजा, एका भुर्जीच्या गाडीवर रोज ४ ट्रे म्हणजे १२० अंडी लागतात. टरफलं साधारण ६५० ग्रॅम. धुऊन, वाळवून, चाळून हातात ५५० ग्रॅम. महिन्याचे २६ दिवस धरले तर सुमारे १४ किलो, म्हणजे २५० ग्रॅमची ५६ पाकिटं.

- विक्री किंमत ४० रुपये, नर्सरीवाल्याचे १० गेले, तुमच्या हातात ३० × ५६ = १,६८० रुपये
- पाकीट आणि लेबल: ५ × ५६ = २८० रुपये
- गॅस आणि वीज: २०० रुपये
- गाडीपर्यंत रोज जाण्या-येण्याचं पेट्रोल: १५ × २६ = ३९० रुपये
- टरफलं वेगळी ठेवणाऱ्या पोराला: २०० रुपये
- एकूण खर्च: १,०७० रुपये
- शिल्लक: ६१० रुपये

यात तुमचा वेळ किती? रोज एक तास आणि पॅकिंगचे चार तास धरले तर ३० तास. म्हणजे तासाला सुमारे २० रुपये. तेही सगळी पाकिटं खपली तर!

"सर, दहा गाड्यांची टरफलं घेतली तर?" मग पातेलं मोठं लागेल, वाळवायला गच्ची लागेल, घरचा मिक्सर जळेल. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही विकताय ते कॅल्शियम कार्बोनेट. बाजारात तोच पदार्थ चुनखडीच्या भुकटीच्या रूपात पोत्याने, स्वस्तात मिळतो. किमतीत त्याच्याशी भिडायला गेलात तर हरणार.

आणखी दोन गोष्टी कागदावर दिसत नाहीत. श्रावणात आणि नवरात्रात अंड्यांचा खप उतरतो, म्हणजे तुमचा कच्चा माल कमी. आणि बागकामाची मागणी पावसाळ्यात वाढते, तेव्हाच टरफलं वाळत नाहीत. म्हणजे मे महिन्यात माल करून ठेवायला हवा, आणि तेवढा पैसा अडकवायची तयारी हवी.

७. मग यात धंदा नाहीच का?

आहे. पण तो भुकटीत नाही, टरफलाच्या आकारात आहे.

तिसऱ्या उपयोगातली रोपांची वाटी आठवा. सहा टरफलं दळली तर साधारण ३३ ग्रॅम भुकटी होते, तिची किंमत जेमतेम पाच रुपये. तीच सहा टरफलं अख्खी ठेवली, कागदी ट्रेच्या तुकड्यात बसवली, सोबत कोकोपीटची चकती, दोन प्रकारचं बियाणं आणि मराठीत छापलेली छोटी सूचना दिली, तर ते मुलांसाठी "पेरून बघा" किट होतं. वाढदिवसाला येणाऱ्या मुलांना देण्यासाठी, शाळेच्या उपक्रमासाठी, सोसायटीच्या प्रदर्शनात थेट १२० रुपयांना देता येतं. सामान ४५ रुपये, फुटतुटीचे १० रुपये धरा, शिल्लक ६५. एका किटला २० मिनिटं लागली तर तासाला १९५ रुपये.

कच्चा माल तोच. फरक एवढाच की इथे गिऱ्हाईक कॅल्शियम विकत घेत नाही, मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद विकत घेतं. आणि चार दिवसांत मोहरी उगवते, त्यामुळे तुमचं वाक्य खरं ठरलेलं त्याला डोळ्यांनी दिसतं.

यातही अडचणी आहेत, त्या सांगतो. भुर्जीच्या गाडीवर अंडं मधोमध फोडतात, ती टरफलं याला चालत नाहीत. घरून केक करणाऱ्या ताईंशी बोला, वरच्या टोकाला चमच्याने टिचकी मारून फोडायला सांगा, बदल्यात काहीतरी द्या. किट कुरिअरने पाठवू नका, हातोहात द्या. आणि मागणी रोजची नसते, म्हणून ऑर्डर आल्याशिवाय ढीग करून ठेवू नका.

उरलेली, फुटलेली टरफलं? ती दळा, आणि घरोघरी जाऊन कुंड्या भरून देण्याचं काम करत असाल तर कोकोपीटच्या मिश्रणात वापरा. भुकटी वेगळी विकण्यापेक्षा तुमच्या कामाचा एक भाग म्हणून जास्त कमावून देते.

८. पाकिटावर काय लिहायचं?

- पाकीटबंद वस्तूंना वैधमापनाचे २०११ चे नियम लागू होतात. वस्तूचं नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, करांसह कमाल किंमत, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क लेबलवर हवा.
- "खत" हा शब्द सहज छापू नका. खतांच्या विक्रीवर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाचं बंधन आहे. छापण्याआधी कृषी विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.
- "खाण्याचं कॅल्शियम" म्हणून तर अजिबात विकू नका. तो खाद्यपदार्थाचा विषय, त्याचे परवाने आणि तपासण्या वेगळ्या. घरच्या मिक्सरवर हे काम होत नाही.
- "अंड्याच्या टरफलांपासून बनवलेलं" हे मोठ्या अक्षरांत लिहा. आपल्याकडे अनेक घरांत अंडं येत नाही, तुळशीच्या कुंडीत तर नकोच असतं. त्यांना न सांगता विकणं म्हणजे फसवणूक. सांगितल्यावर चार जण घेणार नाहीत, पण तेच चार जण दुसऱ्या वस्तूसाठी तुमच्याकडे विश्वासाने येतील.

काकांच्या बाबतीत पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मी त्यांच्या घरी गेलो, अनंताची वरची माती काढली, कुंडी नव्याने भरून दिली आणि पावसाचं पाणी साठवून घालायला सांगितलं. पाकिटाचे पैसे परत केले. नवीन पालवी हिरवी आली तेव्हा काकांनीच फोन केला. त्या दिवसापासून दुकानात एक नियम केला आहे: झाडाचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला आधी तीन प्रश्न विचारायचे. झाड कोणतं? माती कुठली? पाणी कुठलं? वस्तू त्यानंतर.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातली सात दिवसांची टरफलं जमवा, धुऊन-वाळवून वजन करा. किती वेळ लागला तो मिनिटांत लिहा.
२. घरातल्या तीन कुंड्यांची व्हिनेगर चाचणी करा.
३. सहा टरफलांत मोहरी पेरा. किती उगवली, किती टरफलं फुटली, ते मोजा.
४. तुमच्या वस्तूसाठी एकच वाक्य लिहा, असं की गिऱ्हाईक दोन महिन्यांनी दारात आलं तरी ते बदलावं लागणार नाही.

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. तो सुटला की मगच लेबल छापायला टाका. भेटूया पुढच्या धड्यात!